ऑनलाइन लिलाव आणि अवघड ग्राहक : भांडण टाळायचं कसं, आणि झालंच तर उत्तर द्यायचं कसं?



मागच्या पालकसभेनंतर एक आई थांबल्या. वर्ग रिकामा झाल्यावर म्हणाल्या, "मॅडम, अभ्यासाचं नाही, दुसरंच विचारायचंय." त्यांच्या घरात जुनी नाणी होती. त्यांनी ती एका ग्रुपवरच्या ऑनलाइन लिलावात ठेवली. बोली छान चढली, एका गृहस्थांनी जिंकली, आणि त्यानंतर आठ दिवस ते रोज "उद्या टाकतो" एवढंच कळवत होते. दुसऱ्या क्रमांकाचे ग्राहकही निघून जातील की काय अशी धास्ती त्यांना होती.

मी त्यांना बसायला सांगितलं, कारण या वाटेने मीही गेले आहे आणि ठेचही खाल्ली आहे. त्या दिवशी त्यांना जे घाईत सांगितलं तेच आज नीट मांडून लिहिते. आपल्यापैकी कितीतरी घरांत हल्ली जुनी तिकिटं, नाणी, पुस्तकं, कॅमेरे, घड्याळं ऑनलाइन विकली जातात. शिवाय या विषयाचा आपल्या वर्गातल्या वर्णनलेखनाशी आणि पत्रलेखनाशी किती जवळचा संबंध आहे, हे लेखाच्या शेवटी तुमच्या लक्षात येईल.

माझी ठेच

माझे वडील पोस्टात होते. त्यांनी तिकिटांचे दोन अल्बम जमवले होते. ते गेल्यावर भावाने आणि मी ठरवलं की अल्बम ठेवायचे, पण जी तिकिटं दोन-दोन आहेत त्यातलं एकेक विकायचं. त्यात गांधीजींचं १९४८ सालचं दीड आण्याचं तिकीट होतं. १५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याला एक वर्ष झालं तेव्हा, गांधीजींची चार तिकिटं निघाली होती : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमध्ये झाली होती आणि तिकिटावर देवनागरीत आणि उर्दूत "बापू" असं लिहिलेलं आहे. दहा रुपयांचं तिकीट महाग, म्हणून त्याच्या नकलाही पुष्कळ. दीड आण्याचं तसं साधं, पण संग्राहकांच्या आवडीचं.

मी वर्णनात लिहिलं : "गांधीजींचे १९४८ चे तिकीट. अतिशय सुंदर स्थितीत. दुर्मीळ." सोबत समोरच्या बाजूचा एक फोटो टाकला.

तिकीट पोहोचल्यावर ग्राहकाचा संदेश आला. मागच्या डिंकावर हिंजची खूण आहे आणि कोपऱ्यातला एक दाता आखूड आहे, असं त्यांचं म्हणणं. (हिंज म्हणजे तिकीट अल्बमला चिकटवण्यासाठी वापरतात तो कागदाचा लहानसा तुकडा. तो काढला की डिंकावर खूण राहते आणि तिकिटाची किंमत उतरते.) मला रागच आला. मी लिहिलं, "हे माझ्या वडिलांच्या अल्बममधलं तिकीट आहे, खोटं कसं असेल? घ्यायचं नसेल तर आधीच सांगायचं." वास्तविक ते तिकीट खोटं आहे असं त्यांनी कुठेच म्हटलं नव्हतं. त्यांनी संकेतस्थळाकडे तक्रार केली. निकाल त्यांच्या बाजूने लागला. मला पूर्ण पैसे परत करावे लागले, परतीचा टपालखर्चही माझ्याच माथी आला, आणि माझ्या नावापुढे एक वाईट अभिप्राय कायमचा बसला.

तिकीट परत आलं तेव्हा मी ते खिडकीपाशी नेऊन पहिल्यांदा उलटून पाहिलं. खूण होती. दाताही आखूड होता. विकण्याआधी मी ते एकदाही उलटून पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. ऑनलाइन लिलावात ज्याला आपण "अवघड ग्राहक" म्हणतो, तो पुष्कळदा आपल्याच अर्धवट लिहिण्यातून तयार होतो. उरलेल्यांशी व्यवहार करतानाही शेवटी आपण काय लिहून ठेवलं आहे तेच कामी येतं.

लिलावातच जास्त भांडणं का होतात?

दुकानात आपण वांगं दाबून पाहतो, साडीचा पदर उलगडून पाहतो. ऑनलाइन लिलावात वस्तू हातात घेता येत नाही, आणि भाव दुकानदार ठरवत नाही, तर घेणारेच एकमेकांशी चढाओढ करून ठरवतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की दोन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण माहितीची. वस्तूत काय खोट आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हे मांडलं. चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर तो सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. मग चांगली गाडी असणारा बाजारात यायचंच सोडतो. या प्रकारच्या कामासाठी त्यांना २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आपल्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की समोरचा ग्राहक संशयी आहे म्हणून तो वाईट ठरत नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही संशय घेतला असता.

दुसरी अडचण चढाओढीची. पुष्कळ लिलावांत आपली कमाल रक्कम आधी सांगून ठेवता येते आणि संगणक आपल्या वतीने गरजेपुरती बोली वाढवत जातो. समजा, एकाने ५०० रुपयांपर्यंतची तयारी दाखवली, दुसऱ्याने ३२० रुपयांपर्यंतची, आणि बोलीची पायरी १० रुपयांची आहे. मग वस्तू पहिल्याला ३३० रुपयांना मिळेल. पण शेवटच्या मिनिटाला माणसं हट्टाला पेटतात. ५०० चे ७०० होतात, ७०० चे ९००. लिलाव जिंकल्यावर मनात येतं, "इतरांनी एवढी किंमत दिली नाही, म्हणजे मीच जास्त मोजली की काय?" याला "विजेत्याचा शाप" म्हणतात. तेलाच्या जमिनींसाठी कंपन्या बोली लावतात, त्या व्यवहारांचा विचार करून काही पेट्रोलियम अभियंत्यांनी १९७१ साली ही गोष्ट मांडली होती. तेलकंपन्यांना जे होतं तेच ३०० रुपयांच्या नाण्यासाठी रात्री अकरा वाजता बोली लावणाऱ्या माणसालाही होतं.

म्हणून अवघड ग्राहकांचे माझ्या मते तीन गट पडतात : शंकेखोर, पस्तावलेला आणि लबाड. तिघांना एकच उत्तर चालत नाही. औषध देण्याआधी दुखणं ओळखावं लागतं. पण त्याआधी पथ्य पाहू.

पथ्य : वस्तूचं वर्णन

ईबे ही जगातली सर्वांत प्रसिद्ध लिलावाची साइट. ती १९९५ साली पियर ओमिद्यार यांनी अमेरिकेत "ऑक्शनवेब" या नावाने सुरू केली. तिथे सुरुवातीलाच विकली गेलेली वस्तू होती एक बिघडलेला लेसर पॉइंटर. १४ डॉलर ८३ सेंटला तो गेला. घेणाऱ्याला तो बिघडलेला असल्याचं नक्की समजलं आहे ना, हे ओमिद्यार यांनी विचारून घेतलं. त्या गृहस्थांनी कळवलं की ते बिघडलेले लेसर पॉइंटरच जमवतात! खोट लपवली नाही, तरी वस्तू गेली आणि भांडणही झालं नाही. मला ही गोष्ट फार आवडते.

वर्णन लिहिताना मी आता एवढ्या गोष्टी पाळते :

१. वस्तूची मोजता येणारी माहिती आधी लिहायची : साल, माप, वजन, धातू किंवा कागद, नग किती.

२. खोट स्पष्ट लिहायची आणि तिचा जवळून फोटो द्यायचा. "मागे हिंजची खूण आहे, उजव्या वरच्या कोपऱ्यातला एक दाता आखूड आहे, तिसरा फोटो पाहावा."

३. "अतिशय सुंदर", "दुर्मीळ", "एकदम ओरिजिनल" असे शब्द टाळायचे. ते आपलं मत असतं आणि भांडण मतावरूनच होतं. अस्सलपणाचं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र असेल तर तसं लिहायचं, नसेल तर "प्रमाणपत्र नाही" असंही लिहायचं.

४. पुढची बाजू, मागची बाजू, कडा असे निदान चार फोटो, दिवसाच्या उजेडात काढलेले. शेजारी पट्टी ठेवली की आकाराचा प्रश्नच मिटतो.

५. पैसे किती दिवसांत भरायचे, टपालखर्च कोणाचा, वस्तू किती दिवसांत रवाना होईल आणि परत घेणार की नाही, हे बोली सुरू होण्याआधी लिहायचं. लिलाव झाल्यावर सांगितलेली अट म्हणजे समोरच्याला फसवणूकच वाटते.

हे सगळं लिहिल्यावर माझ्या वस्तूंना बोली कमी येईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही, आणि शंका विचारणारे संदेश मात्र कमी झाले.

पहिला गट : शंकेखोर ग्राहक

हे ग्राहक दहा प्रश्न विचारतात. आणखी फोटो मागतात. वस्तू रवाना झाल्यावर रोज "कुठवर आली?" असं विचारतात. आपल्याला कटकट वाटते, पण पाल्याबद्दल वारंवार विचारणारे पालक आठवा. त्यांना भांडायचं नसतं, त्यांना भीती वाटत असते. एकदा वहीतलं काम दाखवलं की ते शांत होतात.

इथेही तसंच करावं. प्रश्नाला थोडक्यात आणि नेमकं उत्तर द्यावं. आधीच लिहिलेलं असेल तरी "वर वाचा ना" म्हणू नये, तेच वाक्य पुन्हा पाठवावं. वस्तू पाठवल्याच्या दिवशीच स्पीड पोस्टच्या पावतीचा फोटो आणि ट्रॅकिंग क्रमांक स्वतःहून द्यावा. विचारण्याआधी माहिती मिळाली की रोजचे प्रश्न थांबतात. असे ग्राहक पुढे आपले कायमचे ग्राहक होतात, हा माझा अनुभव आहे.

विश्वासाला खरोखरच पैशातही किंमत असते. काही अमेरिकन संशोधकांनी ईबेवर एक प्रयोग केला होता, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. जुनी पोस्टकार्डं विकणाऱ्या एका नावाजलेल्या विक्रेत्याने सारखीच कार्डं काही आपल्या जुन्या नावाने आणि काही अगदी नव्या, अनोळखी नावांनी विकायला ठेवली. जुन्या नावाला ग्राहक सरासरी सुमारे ८ टक्के जास्त द्यायला तयार होते. माणूस तोच होता, कार्डंही तशीच होती. फरक फक्त नावामागे जमलेल्या विश्वासाचा होता.

दुसरा गट : पस्तावलेला ग्राहक

बोली जिंकली, पण पैसे भरत नाहीत. किंवा आता म्हणतात, "थोडं कमी करा." आमच्या त्या पालकताईंचा ग्राहक याच गटातला असावा.

त्याच्यावर "तुम्ही शब्द पाळत नाही" असा आरोप करून पैसे मिळत नाहीत. त्याने चिडून काही लिहिलं की आपणही चिडतो. त्याऐवजी पायऱ्या ठरवून घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी साधी आठवण द्यायची. मुदत संपायच्या आदल्या दिवशी तारीख आणि वेळ घालून दुसरी आठवण. मुदत संपली की व्यवहार रद्द झाल्याचं एका ओळीत कळवायचं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहकाला त्याच्याच बोलीच्या भावाने विचारायचं. ईबेसारख्या साइटवर चार दिवसांत पैसे आले नाहीत तर विक्रेत्याला व्यवहार रद्द करता येतो, आणि दुसऱ्या बोलीवाल्याला "दुसरी संधी" देण्याची सोयही आहे. पण ग्रुपवरच्या लिलावात असा पंच नसतो. तिथे मुदतीचा नियम आपणच आधी लिहिलेला पाहिजे.

"थोडं कमी करा" याला उत्तर साधं आहे : "बोली सर्वांसमोर झाली, म्हणून त्याच भावाला देणं मला बंधनकारक वाटतं. आपल्याला नको असेल तर तसं आज कळवा, मी पुढच्या ग्राहकांना विचारते." यात राग नाही आणि घासाघीसही नाही. माणसाला मागे फिरायला सन्मानाची वाट दिली तर बहुतेक जण एकतर पैसे भरतात, नाहीतर स्पष्ट "नको" म्हणतात. "नको" मिळालं तरी आपला वेळ वाचतो.

तिसरा गट : लबाड ग्राहक

हे संख्येने कमी असतात, पण मोठं नुकसान यांच्याकडूनच होतं. यांच्या ठरलेल्या चाली ओळखून ठेवाव्यात.

*पैसे देतो म्हणून पैसे काढणं.* "मी क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करा आणि पिन टाका, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील." हे साफ खोटं आहे. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही. पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे गेले. घरातल्या आजी-आजोबांनाही हे एक वाक्य पाठ करून द्या.

*खोटा स्क्रीनशॉट.* "पैसे टाकले, हा पुरावा, आता लगेच पाठवा." पुरावा आपल्या बँकेच्या खात्यात पाहायचा, त्यांच्या फोटोत नाही. "चुकून जास्त पैसे आले, वरचे परत करा" ही याचीच धाकटी बहीण.

*बाहेर व्यवहार करू.* साइटचं कमिशन वाचवायचं आमिष दाखवतात. साइटच्या बाहेर पडलो की तिचं संरक्षण संपलं आणि तिथल्या संदेशांचा पुरावाही गेला.

*वस्तू मिळालीच नाही किंवा पाकीट रिकामं होतं.* यावर उपाय पाठवतानाच करायचा. वस्तू पाकिटात घालून बंद करेपर्यंतचा एक सलग व्हिडिओ काढावा, त्यात पाकिटावरचा पत्ता दिसावा. स्पीड पोस्टच्या पावतीवर वजन लिहिलेलं असतं, ती जपून ठेवावी. रिकाम्या पाकिटाचं आणि नाण्यांनी भरलेल्या पाकिटाचं वजन सारखं येत नाही. तिकीट असेल तर पारदर्शक पिशवीत घालून दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवावं.

*बदललेली वस्तू परत पाठवणं.* आपली चांगली ठेवून घेतात आणि त्यांच्याकडची खराब परत करतात. म्हणून प्रत्येक वस्तूची स्वतःची अशी खूण टिपून ठेवावी : नाण्यावरचा ओरखडा, पुस्तकाच्या पानावरचा डाग, तिकिटाच्या दात्यांची रचना. जवळून काढलेले फोटो इथे दुसऱ्यांदा कामी येतात. परत आलेलं पाकीट उघडतानाही व्हिडिओ काढावा.

*अभिप्रायाची धमकी.* "अर्धे पैसे परत करा, नाहीतर वाईट रेटिंग देतो." अशी धमकी साइटच्या संदेशातच लेखी येऊ द्यावी, फोनवर बोलू नये, आणि ती साइटला कळवावी. विक्रेत्यांना हे जास्त झोंबतं, कारण ईबेवर २००८ पासून विक्रेता ग्राहकाला वाईट अभिप्राय देऊच शकत नाही. त्याआधी विक्रेते उलट वाईट अभिप्राय देऊन बदला घेत आणि त्या भीतीने ग्राहक खरं लिहीत नसत. म्हणून नियम बदलला. आपल्याला तो एकतर्फी वाटतो, पण त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे.

*परदेशी ग्राहकाचा आग्रह.* शिवराईसारखी जुनी नाणी असतील तर हे विशेष लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं वा त्याहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रं खासगी व्यक्तीने देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे. "कस्टमच्या कागदावर भेटवस्तू म्हणून लिहा" असं सांगणाऱ्याला भाव कितीही चांगला असला तरी नाही म्हणा.

पैसे गेलेच तर लाजू नका आणि थांबू नका. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

उत्तर कसं लिहावं?

तक्रार आली की मी आता तीन गोष्टी करते. आधी वस्तू, वर्णन आणि फोटो पुन्हा पाहते. मग उत्तर वहीत लिहिते, फोनवर नाही. आणि पाठवण्याआधी ते तिसऱ्या माणसाच्या नजरेने वाचते, कारण वाद वाढला तर साइटचा कर्मचारी नेमकं हेच वाचणार असतो. त्याला माझे वडील माहीत नाहीत, माझा स्वभावही माहीत नाही. त्याच्यासमोर फक्त दोघांचे शब्द असतात.

त्या गांधीजींच्या तिकिटाच्या वेळी मी असं लिहायला हवं होतं :

"नमस्कार. आपला संदेश मिळाला. तिकिटाच्या मागे हिंजची खूण आणि एक दाता आखूड असल्याचं आपण कळवलंत. कृपया दोन्हींचे फोटो पाठवावेत. माझ्या वर्णनात या गोष्टी लिहायच्या राहिल्या होत्या. आपण तिकीट परत पाठवू शकता, मिळाल्यावर पूर्ण पैसे परत करीन. किंवा ठेवून घ्यायचं असेल तर योग्य ती रक्कम कमी करून देईन. आपलं म्हणणं उद्या संध्याकाळपर्यंत कळवावं."

यात समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत आलं आहे. चूक तेवढी मान्य केली आहे, त्याहून जास्त नाही. दोन पर्याय आणि एक मुदत आहे. "तुम्ही नेहमी", "तुमच्यासारखे लोक" असे शब्द नाहीत.

आपली चूक नसेल तेव्हाही साचा हाच : "वर्णनाच्या चौथ्या ओळीत आणि तिसऱ्या फोटोत ही खोट दाखवली आहे. म्हणून पैसे परत करता येणार नाहीत." एवढं लिहून थांबावं. दहा संदेश आले तरी तेच वाक्य. आणि ज्याच्याशी पुन्हा व्यवहार नको, त्याला ब्लॉकच्या यादीत टाकावं. ही सोय पुष्कळ ठिकाणी असते.

आपलीही बाजू तपासू या

ग्राहकांच्या चुका मोजताना विकणाऱ्यांच्याही मोजायला हव्यात. ग्रुपवरच्या लिलावांत पुष्कळदा विकणाऱ्याचा भाऊ किंवा मित्र खोटी बोली लावून भाव चढवतो. "त्यात काय एवढं" असं म्हटलं जातं. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम ६४ मध्ये लिलावाचे नियम आहेत. बोली लावायचा हक्क विक्रेत्याने आधी जाहीर केला नसेल तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत बोली लावणं बेकायदा आहे. भाव वाढवण्यासाठी खोटी बोली लावली असेल तर ग्राहकाला व्यवहार मोडता येतो. लिलाव पूर्ण झाल्याचं जाहीर होईपर्यंत बोली मागे घेण्याचा हक्कही ग्राहकाला याच कलमाने दिला आहे. त्यामुळे लिलाव सुरू असताना कुणी बोली मागे घेतली तर लगेच त्याला लबाड ठरवू नये.

जे नियमितपणे, धंदा म्हणून विकतात त्यांना २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियमही लागू होतात. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर ती परत घ्यायला नकार देता येत नाही. ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचे खोटे अभिप्राय लिहिता येत नाहीत. घरातली वस्तू क्वचित कधी विकणाऱ्याला हे नियम लागू नाहीत, पण पाळायला काय हरकत आहे?

वर्गात आणि घरी काय करता येईल?

मी चौथीच्या वर्गात एक उपक्रम घेते, तुम्हीही करून पाहा. प्रत्येक मुलाने दप्तरातली एक वापरलेली वस्तू निवडायची : कंपासपेटी, पाण्याची बाटली, खोडरबर. पाच वाक्यांत तिचं वर्णन लिहायचं. अट अशी, की निदान एका वाक्यात तिची खोट आली पाहिजे, आणि "छान", "मस्त", "सुंदर" हे शब्द चालणार नाहीत. मग सगळ्या वस्तू टेबलावर ठेवायच्या, चिठ्ठ्या मिसळायच्या, आणि फक्त वर्णन वाचून वस्तू ओळखायची. जिचं वर्णन वाचून ती पटकन ओळखता आली, ते वर्णन चांगलं.

पहिल्या वेळी मुलं खोट लिहायला कचरतात. एका मुलीने मला विचारलं, "बाई, झाकण तुटलंय असं लिहिलं तर कोण घेईल?" मी वर्गालाच विचारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "ज्याला नुसतं खालचं पाहिजे तो घेईल!"

वरच्या वर्गांत याला जोडून तक्रारीचं पत्र आणि त्याचं उत्तर लिहून घेता येईल. अर्ध्या मुलांनी ग्राहक व्हायचं, अर्ध्यांनी विक्रेता, आणि एका मुलाने पंच. पंचाने फक्त लिहिलेलं वाचून निकाल द्यायचा. कोणाचा आवाज मोठा याला तिथे किंमत नसते, हे मुलांना आपोआप कळतं.

जाता जाता त्या पालकताईंविषयी. त्यांनी त्याच दिवशी ग्राहकाला तारीख घालून एक शेवटचा संदेश पाठवला. त्याचं उत्तर आलंच नाही. व्यवहार रद्द करून त्यांनी नाणी दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहकाला दिली. भाव १५० रुपयांनी कमी मिळाला. "पण मॅडम, झोप लागली," असं म्हणाल्या.

आणि ते दीड आण्याचं तिकीट? ते पुन्हा विकलं नाही. अल्बममध्ये ठेवलं आहे, आता उलट्या बाजूने. मुलांना वर्णनलेखन शिकवायच्या दिवशी ते शाळेत घेऊन जाते.